धरणीकंप, लाट आणि गणित

मनुष्य घर बांधूं लागला तेव्हांपासून त्याची पहिली काळजी ओझ्याची आहे. तुळईनें छप्पर पेलावें, खांबानें तुळई पेलावी आणि पायानें सर्व भार जमिनीच्या स्वाधीन करावा, एवढी व्यवस्था नीट झाली कीं घर उभें राहतें. हें ओझें एका परीनें सरळमार्गी आहे. तें नेहमीं खालींच ओढतें, आणि आज जेवढें आहे तेवढेंच उद्यांहि असतें. परंतु दोन शक्ती अशा आहेत कीं, त्या या साध्या हिशेबांत बसत नाहींत. एक धरणीकंप आणि दुसरी समुद्राची लाट. दोन्ही आडव्या येतात. एकदां लोटून थांबत नाहींत, तर पुढें लोटतात आणि मागें ओढतात. आणि किती जोरानें येणार याची वर्दी आधीं देत नाहींत. या दोन बेहिशेबी शक्तींना कागदावर उतरविण्याचा उद्योग सुमारें पावणेदोनशें वर्षें चालू आहे. आज तो संगणकाच्या आज्ञावलीपर्यंत, म्हणजे ज्याला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात तेथपर्यंत, येऊन पोहोंचला आहे. त्याचा आरंभ मात्र एका खडकावर बसविलेल्या लोखंडी तबकडीपासून झाला.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, खुल्या अटलांटिक महासागरांत स्केरीव्होर नांवाचा खडक आहे. दीपगृहें बांधण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या स्टीव्हन्सन घराण्यांतील अॅलन यानें तेथें दीपगृह उभारलें. त्याचा धाकटा भाऊ टॉमस, जो पुढें कादंबरीकार आर. एल. स्टीव्हन्सन याचा पिता म्हणून अधिक ओळखला गेला, यास एक प्रश्न सतावीत होता. समुद्रांत दीपगृहें बांधतांना पिढ्या गेल्या, तरी लाट नेमकी किती जोरानें आदळते हें कोणीच सांगूं शकत नव्हतें. त्यानें एक साधें यंत्र केलें. समुद्राकडे तोंड केलेली एक लोखंडी तबकडी, तिच्या मागें स्प्रिंग, आणि दांड्यांवर ओवलेल्या चामड्याच्या चकत्या. लाट आदळली कीं तबकडी मागें सरे आणि चकत्यांना मागें ढकली. तबकडी परत आली तरी चकत्या तेथेंच राहत. वादळ ओसरल्यावर खडकावर जाऊन चकत्या किती सरकल्या तें पाहावयाचें, म्हणजे लाटेचा सर्वांत मोठा तडाखा समजला. १८४५ च्या मार्च महिन्यांत स्केरीव्होर येथें दर चौरस फुटास ६०८३ पौंड, म्हणजे सुमारें पावणेतीन टन, इतका दाब नोंदला गेला. लाटेच्या बळाला प्रथमच एक आंकडा मिळाला.

त्याच सुमारास इंग्लंडांत एअरी या ज्योतिर्विदानें आणि थोड्याच काळानें, १८४७ सालीं, स्टोक्स या गणितज्ञानें लाटेच्या आंत पाणी कसें फिरतें याचीं समीकरणें मांडलीं. एकाजवळ मोजमाप होतें, दुसऱ्यांजवळ सिद्धांत होता. परंतु या दोहोंची गांठ पडून समुद्रांतील खांबावर येणारा भार काढण्याची सोपी रीत निघण्यास आणखी एक शतक लागावयाचें होतें.

भूकंपाच्या बाबतींत पहिला आंकडा मिळाला तो मात्र फार मोठी किंमत देऊन. २८ डिसेंबर १९०८ रोजीं इटलींतील मेसिना हें शहर पहांटेच्या वेळीं उध्वस्त झालें; हजारों माणसें दगडमातीखालीं गाडलीं गेलीं. पुनर्रचनेसाठीं इटलीच्या सरकारानें नेमलेल्या इंजिनियरांच्या समितीनें ढिगाऱ्यांतून टिकून राहिलेलीं घरें हुडकलीं, त्यांचें गणित उलट्या बाजूनें केलें आणि एक नियम काढला. पहिल्या मजल्यास त्यावरील वजनाच्या बाराव्या हिश्श्याइतका, आणि वरच्या मजल्यांस आठव्या हिश्श्याइतका आडवा जोर लागतो असें धरून बांधकाम करावें. जपानांत सानो या आचार्यानें याच स्वरूपाची कल्पना स्वतंत्रपणें शास्त्रशुद्ध केली. नियम सोपा होता. इमारतीचें वजन काढावयाचें, त्याचा ठरलेला हिस्सा आडवा लावावयाचा आणि खांबतुळया तपासावयाच्या. पेन्सिल आणि कागद हातीं असलेला कोणताहि नकशे काढणारा हें करूं शके.

सानोचा शिष्य नाइतो हा जवळ बाळगलेल्या लहानशा स्लाइड रूलवर असे हिशेब करी. त्यानें योजलेली इंडस्ट्रियल बँकेची इमारत टोकियोंत १९२३ सालीं पुरी झाली, आणि त्याच वर्षीं १ सप्टेंबर रोजीं कांतोचा महाभूकंप झाला. भोंवतालच्या अनेक इमारती ढांसळल्या असतां ही जवळजवळ अबाधित उभी राहिली. दुसऱ्याच वर्षीं जपाननें वजनाच्या एकदशांश आडवा जोर धरण्याचा कायदा केला.

हिंदुस्थानच्या इतिहासांतहि अशीच एक गोष्ट आहे आणि ती पुष्कळांस ठाऊक नाहीं. १९३१ सालीं बलुचिस्तानांत माच येथें भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे इंजिनियरानें जुन्या रुळांचा सांगाडा करून क्वेट्टा येथें रेल्वेच्या नोकरांसाठीं घरें बांधलीं. वजनाचा एकदशांश आडवा जोर त्यानें हिशेबांत धरला होता. १९३३ सालीं त्यानें आपली रीत पंजाबच्या इंजिनियरांच्या परिषदेपुढें लिहून ठेवली व सोबत देशांतील भूकंपप्रवण भागांचा एक नकाशाहि जोडला. ३१ मे १९३५ च्या रात्रीं क्वेट्टा शहर कोसळलें. तीस हजारांहून अधिक माणसें दगावलीं. कुमारचीं घरें उभीं राहिलीं. एका साध्या अपूर्णांकाचें मोल किती असूं शकतें, याचा याहून उघड पुरावा मिळणें कठीण.

तरी या अपूर्णांकांत एक उणीव होती. तो इमारतीला दगडाच्या ठोकळ्यासारखी ताठ समजतो. आणि इमारत तशी नसते. श्रोत्यांनीं क्षणभर माजघरांतला झोपाळा डोळ्यांपुढें आणावा. त्याला वाटेल तेव्हां धक्के दिले तर तो नुसता थरथरतो. परंतु त्याच्या स्वतःच्या लयीशीं लय जुळवून हलकासा रेटा दिला तर मूल देखील त्याला आढ्यापर्यंत नेऊं शकतें. प्रत्येक इमारतीला अशी स्वतःची लय असते. एकमजली घर सेकंदाच्या एका अंशांत एक झोका पुरा करतें. दहा मजली इमारतीस सुमारें एक सेकंद लागतो. जमिनीच्या कंपांत ज्या लयी असतील त्यांपैकीं जी इमारतीच्या लयीशीं जुळेल ती घात करते. तेव्हां प्रश्न केवळ धक्का किती मोठा हा नसून, कोणत्या लयीच्या इमारतीस तो किती लागेल, हा आहे.

हा विचार १९३२ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथें बियो या तरुण संशोधकानें आपल्या प्रबंधांत मांडला. निरनिराळ्या लयींचे अनेक लंबक एकाच फळीवर बसविले आहेत, अशी कल्पना करावी. फळीला भूकंपासारखी हलवावी आणि प्रत्येक लंबक जास्तींत जास्त किती गेला तें टिपून एक वक्ररेषा काढावी. ती रेषा हातीं असली म्हणजे इंजिनियरानें आपल्या इमारतीची लय तेवढी काढावी आणि रेषेवरून जोर वाचावा. कल्पना सुंदर होती. अडचण होती ती तिच्या सामग्रीची. प्रखर भूकंपाचा खरा आलेखच त्या वेळीं जगांत कोणाजवळ नव्हता. जवळच्या हादऱ्यांत जुनीं नाजूक यंत्रें निकामी होत. १९३३ च्या मार्चमध्यें लाँग बीच येथें आणि १८ मे १९४० रोजीं एल सेंट्रो येथें नव्या दणकट यंत्रांनीं ते आलेख पकडले. एल सेंट्रोच्या आलेखांत जमिनीचें त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें एकतृतीयांश निघालें. हा एकच आलेख पुढें कित्येक वर्षें जगभरच्या इंजिनियरांचा पाठ होऊन बसला.

पण आलेख मिळाला तरी त्यावरून एक वक्ररेषा काढावयास हातानें दिवसच्या दिवस लागत. बियोनें त्यासाठीं पीळ खाणाऱ्या तारेचा लंबक वापरून एक यंत्र बनविलें, तरीहि काम तासांचेंच राहिलें. म्हणून हाउस्नर या शास्त्रज्ञानें १९५९ सालीं अनेक आलेखांची सरासरी काढून गुळगुळीत अशा तयार वक्ररेषा प्रसिद्ध केल्या. संगणक सर्वत्र पोहोंचण्यापूर्वीं इंजिनियरांच्या मेजावर जी साधनसामग्री असे ती हीच: नियमपुस्तिका, कोष्टकें आणि असे वक्र.

इकडे समुद्राच्या बाजूसहि गति आली होती. दुसऱ्या महायुद्धांत किनाऱ्यावर सैन्य उतरविण्यापूर्वीं लाटा किती उंच असतील हें सांगण्याची निकड उत्पन्न झाली. स्वेरड्रुप आणि मुंक यांनीं वाऱ्याचा वेग, त्याला मिळालेलें मोकळें अंतर आणि काळ यांवरून लाटेची उंची काढण्याची रीत बसविली. युद्धानंतर तेलाच्या विहिरी किनारा सोडून समुद्रांत शिरूं लागल्या, आणि पाण्यांत उभ्या केलेल्या पोलादी खांबावर लाट किती जोर करते हा प्रश्न व्यापाराचा झाला. १९५० सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मॉरिसन आणि त्याचे सहकारी यांनीं त्याचें सुटसुटीत उत्तर दिलें. पुरांत उभ्या असलेल्या माणसास वाहतें पाणी ढकलतें, हा जोराचा एक भाग. आणि पाण्याचा वेग बदलूं लागला म्हणजे तो बदलच आणखी एक रेटा देतो, हा दुसरा. दोहोंची बेरीज म्हणजे खांबावरील भार. पाण्याचा वेग व त्वरण यांसाठीं एअरीचीं शंभर वर्षांपूर्वींचीं समीकरणें उपयोगी पडलीं. अशा रीतीनें सिद्धांत आणि मोजमाप यांची गांठ अखेर पडली.

ती गांठ पडूनहि संकटें टळलीं नाहींत. अमेरिकन वायुदलानें अटलांटिकांत टेहळणीसाठीं तीन पायांचे मनोरे उभारले होते. त्यांपैकीं चौथ्या क्रमांकाचा मनोरा सर्वांत खोल पाण्यांत होता आणि पहिल्यापासूनच तो डुलत असे. १९६० च्या एका चक्रीवादळांत त्यास इजा झाली, आणि १५ जानेवारी १९६१ च्या रात्रीं हिंवाळी वादळांत तो बुडाला. त्यावरील अठ्ठावीसहि माणसें गेलीं. पाणी जितकें खोल तितका मनोरा लवचीक आणि त्याची लय तितकी संथ. ती लाटांच्या लयीजवळ सरकूं लागली कीं झोपाळ्याची गोष्ट येथेंहि खरी ठरते. भूकंपाच्या आणि लाटेच्या अभ्यासकांस आपण एकच भाषा बोलतों आहों, हें उमगण्याचा तो काळ होता.

ही भाषा वेगानें बोलणारें यंत्र संगणकाच्या रूपानें आलें. इलिनॉय विद्यापीठांतील न्यूमार्क यानें १९५९ सालीं, काळाचे बारीक बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यानंतर इमारत कोठें पोहोंचली तें काढण्याची रीत सांगितली. ती मनुष्यास कंटाळवाणी, पण यंत्रास अगदीं सोयीची होती. बर्कले येथील क्लफ यानें १९६० सालीं आणखी एका रीतीला नांव दिलें. धरण किंवा कवच यांसारखी अखंड वस्तू लहान लहान त्रिकोणांत वा चौकोनांत वांटावयाची, प्रत्येक तुकड्याचें साधें गणित मांडावयाचें आणि सर्व तुकडे पुन्हां जोडून एकदम सोडवावयाचें. हिलाच मर्यादित घटकांची रीत म्हणतात. क्लफचा शिष्य विल्सन यानें १९७० सालीं यावर आधारलेली ‘सॅप’ ही आज्ञावली लिहिली. तिची १९७३ ची चौथी आवृत्ति अल्प खर्चांत कोणासहि मिळत असे. ती कार्डांवर छिद्रें पाडून यंत्राला वाचावयास देत. कित्येक देशांच्या विद्यापीठांत आणि कचेऱ्यांत भूकंपाचें संगणकी गणित तिच्यामुळें प्रथम पोहोंचलें. ‘सॅप’ या अक्षरांचा इंग्रजी बोलीभाषेंत बावळट असाहि अर्थ होतो, आणि विल्सननें तें नांव बुद्ध्याच ठेवलें होतें. यंत्राला अक्कल नसते, वस्तूचें चित्र नीट कल्पून देणें व आलेल्या उत्तराची जबाबदारी घेणें हें इंजिनियराचें काम आहे, याची वापरणाऱ्यास रोज आठवण राहावी हा त्यांत हेतु होता.

ही आठवण किती आवश्यक होती, याचा प्रत्यय महाराष्ट्रास आधींच आला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरास भूकंपानें तडाखा दिला. सुमारें एकशें ऐंशीं माणसें मेलीं. दख्खनचें पठार म्हणजे पुरातन अचल खडक, तेथें भूकंप कोठचा, अशी समजूत नियमपुस्तिकेच्या नकाशांतहि उतरली होती. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाचा आडवा जोर वजनाच्या शेंकडा पांच इतका, आणि तो तळापासून माथ्यापर्यंत सारखा, धरला होता. धरणांत ठेवलेल्या यंत्रानें नोंदलेलें त्वरण धरणाच्या लांबीच्या दिशेनें गुरुत्वाकर्षणाच्या शेंकडा ६३ आणि प्रवाहाच्या दिशेनें शेंकडा ४९ निघालें. धरण फुटलें नाहीं. परंतु त्यास भेगा पडल्या, आणि त्या जुन्या गणिताप्रमाणें सर्वांत अधिक ताण जेथें यावयाचा त्या तळाशीं नव्हत्या. तळापासून सुमारें ६६ मीटरांवर, जेथें मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या मानेसारख्या जागीं त्या होत्या. पुढें बर्कले येथें चोप्रा आणि चक्रवर्ती यांनीं कोयनेचाच आलेख घेऊन मर्यादित घटकांच्या रीतीनें संगणकावर धरण हलवून पाहिलें, तेव्हां सर्वांत मोठा ताण नेमका त्या मानेंतच आला. धरण हें ठोकळा नसून झुलणारी वस्तू आहे, आणि झुलतांना माथा तळापेक्षां कितीतरी अधिक हलतो, हें कोयनेच्या भेगांनीं साऱ्या जगास शिकविलें. धरणास मागून काँक्रीटचे टेकू देऊन तें बळकट करण्यांत आलें. १९६२ सालीं प्रथम निघालेली भारतीय भूकंपमानकांची पुस्तिका १९७० सालीं सुधारली, आणि कोयनेचा प्रदेश चौथ्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या धोक्याच्या, विभागांत गेला.

समुद्राच्या गणिताशींहि महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. १९१६ सालीं स्थापन झालेल्या आणि पुढें खडकवासला येथें वाढलेल्या जलविद्युत् संशोधन केंद्रांत बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांवर कृत्रिम लाटा सोडतात. प्रतिकृति छत्तिसाव्या हिश्श्याची केली तर समुद्रावरील बारा सेकंदांची लाट हौदांत दोन सेकंदांची करावी लागते. लांबी छत्तीसपट घटली कीं काळ तिच्या वर्गमुळानें, म्हणजे सहापट, घटतो. १९७४ सालीं मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर भर समुद्रांत ‘सागरसम्राट’ जहाजानें तेल शोधलें. त्यानंतर पाऊणशें मीटर खोल पाण्यांत पोलादी फलाट उभारतांना पश्चिम किनाऱ्याच्या मान्सूनी लाटांचें गणित हें या देशाच्या नित्याच्या कामाचा भाग झालें.

असें वाटेल कीं, संगणक आल्यावर चूक होण्यास जागाच उरली नाहीं. याचें उत्तर नॉर्वेमध्यें मिळालें. उत्तर समुद्रासाठीं ‘स्लाइप्नर’ नांवाचा एक प्रचंड काँक्रीटचा फलाट बांधला जात होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजीं स्टाव्हांगेर शहराजवळच्या खाडींत त्याचा पाया कसोटीसाठीं पाण्यांत खालीं उतरविला जात असतां सुमारें ६५ मीटर खोलीवर एक भिंत फुटली, आणि कांहीं मिनिटांत सारें बांधकाम तळाशीं गेलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. पण त्या आदळण्यानें रिक्टर मापावर ३ इतका भूकंप नोंदला गेला. चौकशींत दिसलें कीं, तीन गोल कोठारांमधील त्रिकोणी पोकळीची भिंत संगणकासाठीं फारच ढोबळ घटकांत वांटली होती. त्यामुळें तेथील कातरताण शेंकडा ४७ नें कमी आला आणि लोखंड अपुरें पडलें. आज्ञावलीनें दिलेलें काम बिनचूक केलें होतें. तिला दिलेलें चित्रच सदोष होतें. बुडाल्यानंतर अधिक काटेकोर गणितानें तीच भिंत तपासली, तर ती ६२ मीटरांवर फुटावी असें उत्तर आलें. जें उत्तर काळजीपूर्वक तपासणीनें मिळत होतें तें वेळेवर कोणी काढलें नव्हतें.

आणि जेथें गणित मुळींच पोहोंचलें नाहीं, तेथील गोष्ट अधिक करुण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांवें निजलीं असतां, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. किल्लारी तेव्हां नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत होती. परंतु नकाशा बरोबर असता तरी तेथील जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीचें जड धाबें यांचा हिशेब कोणा इंजिनियरानें केलेलाच नव्हता. जगांतील उत्तमोत्तम आज्ञावल्या तयार असतां त्या घरांस हवी होती ती एक साधी गोष्ट: भिंतींना बांधून ठेवणारा आडवा पट्टा. २००२ च्या सुधारणेंत सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला विभागच नकाशांतून काढून टाकण्यांत आला.

निसर्गहि आपले आंकडे बदलावयास लावतो. १ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांतील ड्राउप्नर फलाटावरील यंत्रानें भोंवतालच्या मोठ्या लाटा सुमारें बारा मीटरांच्या असतांना २५.६ मीटर उंचीची एकच लाट नोंदली. अशा लाटांच्या खलाशांनीं सांगितलेल्या कथा तोंवर अतिशयोक्तींत जमा होत असत. आज बर्कलेच्या परंपरेंतील नव्या आज्ञावल्या कोणासहि मोफत मिळतात, आणि जगभरचे हजारों भूकंपआलेख घरबसल्या उतरवून घेतां येतात. ज्या एका आलेखावर जुन्या पिढीनें आपलें शास्त्र उभारलें, त्याच्या जागीं आज आलेखांचें भांडार आहे. नाइतोच्या स्लाइड रूलनें ज्या कामास महिने लागले असते तें आतां क्षणांत होतें.

तथापि स्केरीव्होरच्या खडकावर वादळानंतर जाऊन चामड्याची चकती कोठवर सरकली तें पाहणें, आणि क्वेट्ट्याच्या बांधकामावर उभें राहून रूळ रुळाशीं नीट जोडला कीं नाहीं तें पाहणें, हीं दोन कामें कोणत्याहि यंत्रानें आपल्याकडे घेतलेलीं नाहींत. कोयनेच्या भेगा, स्लाइप्नरची भिंत आणि किल्लारीचीं घरें यांनीं आपापल्या परीनें हेंच सांगितलें आहे. गणित कितीहि जलद झालें तरी तें कशाचें करावयाचें, आलेलें उत्तर खरें मानावयाचें कीं नाहीं, आणि तें कोणाच्या घरापर्यंत न्यावयाचें, हें माणसानेंच ठरवावयाचें असतें.